अडीच वंदना

आपल्याकडे यात्रा म्हटली की संघ आलाच. बस आली, बसमधलं भजन आलं, खाकऱ्याचे डबे आले आणि दर दहा मिनिटांनी ‘मागचे आले का गं?’ हे विचारणं आलं. मी असे पाच-सहा संघ केलेत आणि त्यातली मजा काही खोटी नाही. पण गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर मी सम्मेद शिखरजीला एकटी जाऊन आले. आठ दिवस, पाठीवर एक सॅक. तेव्हापासून मंडीदीपच्या मंदिरात दर्शनाला गेले की कुणी ना कुणी मला खांबाआड ओढते आणि हळूच विचारते, “खरंच एकटी? भीती नाही वाटली? घरचे काही बोलले नाहीत?” प्रत्येकीला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

संघ काही उगाच सुरू झाले नाहीत. बनारसीदासांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ हे आपलं आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्यांचे वडील हिरानंद मुकीम यांच्या संघातून शिखरजीला गेल्याची हकिकत आहे. परतीच्या वाटेवर संघातली माणसं आजारी पडली, काही दगावली, आणि वडीलही आजारी होऊनच घरी पोचले. त्या काळी घरून निघालेला माणूस परत येईलच याची खात्री नसे. अशा वाटेवर एकट्यानं कोण जाईल?

आता भोपाळहून रेल्वेत बसलं की एक रात्र आणि बहुतेक एक दिवस, की पारसनाथ स्टेशन. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याचं मधुबन गाव. गाड्या मिळतात, धर्मशाळा आहेत, भोजनालयं आहेत. वाटेचं भय पुष्कळसं गेलं, तरी सवय राहिली. पुरुष एकटा यात्रेला गेला तर लोक म्हणतात, केवढा भाविक! बाई एकटी गेली तर विचारतात, घरी काही बिनसलं का?

मी पहिल्यांदा शिखरजीला गेले ती १९९८ साली. आमची मुलगी चार वर्षांची, सासूबाई सत्तरीच्या जवळ. सासूबाईंसाठी डोली केली. तिथे डोलीचा दर माणसाच्या वजनावर ठरतो, त्यामुळे आधी काट्यावर उभं राहावं लागतं. चारचौघांत आपलं वजन मोठ्यानं सांगितलं गेलं याची लाज सासूबाईंना पुढे कित्येक वर्षं वाटत होती. मी मुलीला कधी कडेवर, कधी हाताला धरून, खांद्याला पाण्याची पिशवी, आणि डोळे पुढच्या माणसाच्या टाचांवर. वंदना झाली. पण डोंगर कसा होता असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटची नऊ वर्षं त्या अंथरुणाला होत्या आणि माझं घड्याळ त्यांच्या औषधांवर चालत होतं. त्या गेल्यावर सकाळी साडेचारला जाग यायची ती येतच राहिली, पण उठून करायचं काय, कळेना. एक दिवस चपला घातल्या आणि चालायला लागले. कारखान्यांच्या पहिल्या पाळीची माणसं सायकलींवरून जात असायची, त्यांच्या कडेकडेनं. मग अंतर वाढत गेलं. रविवारी भोजपूरपर्यंत चालत जाऊन शांतिनाथांच्या त्या उंच उभ्या मूर्तीचं दर्शन घ्यायचं आणि बसनं परत यायचं. पुढे औबेदुल्लागंजच्या पलीकडे भीमबेटकाच्या फाट्यावर उतरून गुंफांपर्यंतचा चढ पाठीवर ओझं घेऊन चढायला लागले. तिथल्या पहारेकऱ्यानं तिसऱ्या रविवारी विचारलं, “मॅडम, रोज-रोज वही पत्थर देखने आती हो?” मी म्हटलं, “पत्थर नहीं, घुटने देखने आती हूँ.”

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, “मी येतो ना सोबत.” म्हटलं, तुम्ही आलात तर तुमचा चहा, तुमची पाठ, तुमची गोळी. तुम्ही इथेच बरे. ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी माझ्या सॅकचा तुटलेला पट्टा मोच्याकडून शिवून आणला.

सॅक पहिल्यांदा भरली तेव्हा वजन भरलं अकरा किलो. सगळं पलंगावर ओतलं आणि एकेक वस्तू बघितली. दुसरी शाल, जास्तीचे टॉवेल, तापाच्या, उलटीच्या, पोटदुखीच्या गोळ्यांची पिशवी, सुई-दोरा, लोणच्याची बाटली, चार जास्तीच्या पिना. यातलं माझ्यासाठी काय? जवळजवळ काहीच नाही. सगळं ‘कुणाला लागलं तर’चं. बायांनो, आपल्या पिशव्या उपसून बघा एकदा. निम्मं ओझं या ‘कुणाला लागलं तर’चंच निघेल. ते काढलं आणि सॅक सहा किलोवर आली. कपड्यांचे तीन जोड, एक शाल, टॉर्च, जपमाळ, माझ्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, कापडी मोजे, पाण्याची बाटली, गाळणं. पोहे आणि दाण्याची चिक्की खालच्या मुक्कामासाठी, कारण डोंगरावर काही खायचं नसतं.

मधुबनला पोचले तर पहिल्याच धर्मशाळेत अडले. “अकेली महिला को कमरा नहीं देते.” नियम कुठे लिहिलाय विचारलं तर लिहिलेला नव्हता. दुसरीकडे गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी आधारकार्ड बघितलं आणि म्हणाले, घरी बोलणं करून द्या. यांना फोन लावून दिला. ते पलीकडून म्हणाले, “उनसे ही पूछ लीजिए, मुझे भी उन्होंने बताया ही है, पूछा नहीं.” व्यवस्थापक हसले आणि किल्ली दिली. ज्या डोंगरावर आपण ‘एकत्व भावना’ म्हणत चढतो, जीव एकटाच येतो, एकटाच जातो असं घोकतो, त्याच्याच पायथ्याशी एकट्या बाईला खोलीसाठी नवऱ्याचा आवाज ऐकवावा लागतो. आर्यिका माताजीही एकट्या विहार करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तो व्रताचा नियम आहे, ज्यांनी दीक्षा घेतली त्यांचा. खोलीच्या किल्लीला तो कशाला लावायचा?

आता वाट सांगते, कारण पुष्कळ जणी तेच विचारतात. पारसनाथचा डोंगर सुमारे १३५० मीटर उंच, झारखंडमधला सगळ्यात उंच. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस इथून मोक्षाला गेले. आदिनाथ कैलासावरून, वासुपूज्य चंपापूरहून, नेमिनाथ गिरनारहून आणि महावीर पावापुरीहून, असे चारच दुसरीकडून. वंदना म्हणजे २७ किलोमीटर. नऊ चढायचे, नऊ वर टोंकांवरून फिरायचे, नऊ उतरायचे. गंधर्व नाल्याच्या पुढे वाट दुभंगते. एक सीता नाल्यावरून गौतम स्वामींच्या टोंकेला जाते, दुसरी पार्श्वनाथांच्या टोंकेवरून खाली येते. एकीनं चढलं की दुसरीनं उतरायचं, म्हणजे सगळा फेरा गोल पूर्ण होतो. टोंकांवर मूर्ती नाहीत, चरण आहेत. चालून चालून आपले पाय दुखायला लागतात आणि समोर बघावं तर पावलंच.

पहिली वंदना मी गर्दीबरोबर केली. पहाटे तीनला निघाले. पुढेमागे टॉर्चचे ठिपके, काठ्यांचा आवाज, णमोकार. भीती इथे नव्हतीच. पंचाईत वेगळीच झाली. मागून पावलं वाजली की मी आपोआप वेग वाढवायची, पुढे कुणी म्हातारं माणूस दिसलं की कमी करायची. माझी म्हणून चाल काय आहे, हे तीस वर्षांच्या संसारात मला कधी कळलंच नव्हतं. मुलगी लहान होती तेव्हा तिच्या चालीनं, मग यांच्या, मग सासूबाईंना धरून त्यांच्या. सीता नाल्यापर्यंत मी धापा टाकत होते, कारण दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांनी चालत होते. मग एका दगडावर बसले आणि ठरवलं, तीन श्वासांत एक णमोकार होईल तेवढंच चालायचं. पुढे जाणाऱ्यांना जाऊ दिलं. चंद्रप्रभूंची टोंक सगळ्यांपासून दूर आणि तिथला चढ-उतार वाईट. तिथून परत जल मंदिराकडे येईपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं. पार्श्वनाथांच्या टोंकेवर उभी राहिले तेव्हा खालचं जंगल निळं दिसत होतं. १९९८ साली मी इथे उभी होते आणि हे पाहिलं नव्हतं. सूर्यास्ताच्या आत जेवण मिळालं, तेही धावतपळत.

एक दिवस विश्रांती आणि मग दुसरी वंदना. या वेळी निघतानाच स्वतःच्या चालीनं निघाले. उतरताना एक संथाळ बाई भेटली. डोक्यावर लाकडाची मोळी, पाय अनवाणी, एकटीच. थोडं अंतर आम्ही बरोबर चाललो. तिची हिंदी आणि माझी हिंदी सारखीच मोडकी. मी म्हटलं, अकेली आती हो? तिला प्रश्नच कळला नाही. जंगलात लाकडाला जायचं तर सोबत कशाला? तिच्या लोकांसाठी हा डोंगर म्हणजे मरांग बुरू, त्यांचा देव. २०१९ च्या अधिसूचनेत इथे पर्यटन येणार म्हणून आपण सगळे रस्त्यावर उतरलो होतो, मंडीदीपलाही दुकानं बंद होती, आणि ५ जानेवारी २०२३ ला केंद्रानं त्यातल्या पर्यटनाच्या तरतुदी थांबवल्या. तेव्हा मी ‘आमचा डोंगर’ असं किती सहज म्हटलं होतं. ही बाई लहानपणापासून या डोंगरावर चढते-उतरते आहे. तिच्या चालण्याला कुणी यात्रा म्हणत नाही आणि तिला एकटी का, असंही कुणी विचारत नाही. मला तिच्यापुढे काही बोलायचं सुचेना. वळणावर तिनं मोळी टेकवली, माझ्या काठीकडे बघितलं आणि ती उतरताना पुढे नको, बाजूला टेकवायची असते, हे करून दाखवलं. गुडघ्याला खरंच आराम पडला.

तिसरी वंदना करायचीच असं घरून ठरवून निघाले होते. आपल्याकडे तीनचा आकडा चालतो. कुणी पाच करतं, कुणी नऊ, कुणाच्या सासूनं एकशे आठ केलेल्या असतात. पुन्हा एक दिवस थांबून निघाले. गंधर्व नाल्यापाशीच उजवा गुडघा बोलायला लागला. सीता नाल्यावर येईपर्यंत पट्ट्याच्या वर सूज आली. तिथे पूजेचं द्रव्य धुवायला थांबलेल्या एका संघातल्या काकू म्हणाल्या, “माताजी, डोली कर लो, तीसरी पूरी हो जाएगी.” डोलीवाले दोघे समोरच उभे होते. बिचारे आशेनं बघत होते. त्यांचं पोट त्यावर आहे, आणि ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठी डोली मोठाच आधार, हे मी सासूबाईंच्या वेळी पाहिलंय. पण मला आकडा पुरा करायला चढायचं नव्हतं.

संघात असते तर? मी थांबले म्हणून दोघींना थांबावं लागलं असतं. माझ्यामुळे बस उशिरा निघाली असती. मग मी गुपचूप डोलीत बसले असते, नाहीतर गुडघा फोडून घेत वर गेले असते. एकटी होते म्हणून मला कुणाचीही माफी न मागता थांबता आलं. नाल्याच्या काठावर शाल पसरली, सामायिक केलं, उजाडताना पक्ष्यांचे आवाज ऐकले. वर तोंड करून, जे आधी दोनदा पाहिलं होतं ते सगळं डोळ्यांपुढे आणून, मनातल्या मनात एकेका टोंकेला नमस्कार केला. आणि काठी बाजूला टेकवत सावकाश उतरले. दहा वाजता मी खाली होते.

परत आल्यावर मंदिरात पहिला प्रश्न हाच, “तीन पूर्ण झाल्या ना?” मी म्हटलं, “अडीच.” एक जण हळहळली, एक म्हणाली पुन्हा जाऊन पुरी करून या, अर्धी ठेवू नये. आमच्या शेजारच्या आजी मात्र खुदकन हसल्या. म्हणाल्या, “मला बाई आयुष्यात अर्ध्यावर उठून यायला कधी जमलंच नाही, ना ताटावरून, ना कुठून.”

माझ्या मते या यात्रेचा सार तोच. ‘एकटी गेलीस, धीट आहेस’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं, अंधाराला, जंगलाला घाबरले नाही हे धाडस. अंधारात तर पुढेमागे शंभर टॉर्च असतात. जड जातं ते किती वेगानं चालायचं आणि कुठे थांबायचं हे स्वतः ठरवणं, कारण त्याची आपल्याला सवयच नसते.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चार गोष्टी. श्रावणात मोक्षसप्तमीला फार गर्दी असते, थंडी लागताना जा. दोन वंदनांमध्ये एक दिवस मोकळा ठेवा. धर्मशाळेला आधी फोन करून ‘मी एकटी आहे’ हे सरळ सांगा आणि कोण हो म्हणतं ते लिहून ठेवा, पुढच्या बाईला उपयोगी पडेल. उतार चढापेक्षा वाईट असतो, पट्टा उतरताना आवळा. आणि सॅक दोनदा भरा, दुसऱ्यांदा भरताना फक्त स्वतःचा विचार करून.

त्याआधी भोजपूरपर्यंत चालून बघा. मी रविवारी सकाळी साडेपाचला निघतेच. ज्यांना यायचं त्यांनी यावं. अट एकच, मी कुणासाठी थांबणार नाही आणि तुम्हीही माझ्यासाठी थांबायचं नाही. शांतिनाथांपुढे भेटूच.