सकाळचा निळा धूर

आमच्या शहरात इंजिन ही कुणाला परकी वस्तू नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, ग्रीव्हजची डिझेल इंजिनं इथे तयार झाली, आणि जिन्सी, रोशन गेट, किराडपुऱ्यातली छोटी गॅरेजं तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. माझ्या उर्दू शाळेतल्या कितीतरी मुलांचे वडील, चाचा, मामू याच कामात आहेत. मी स्वतः बी.एड.ला जाण्याआधी दोन वर्षं मामूंच्या गॅरेजात बसत होतो. त्यामुळे विज्ञान शिकवताना उदाहरणं शोधायला मला लांब जावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात नववीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, अब्बा की गाडी सुबह धुवाँ फेकरी. गॅरेजवाला बोला, इंजन गया." त्याचे अब्बा तयार कपड्यांचे गठ्ठे मोटरसायकलला बांधून खुलताबाद, फुलंब्रीच्या आठवडी बाजारांना जातात. गाडी थांबली की चूल थांबते. गॅरेजवाल्याने बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला होता आणि घरात अम्मीच्या कानातल्यांचा विषय निघाला होता.

मी त्याला एकच विचारलं, "धूर कधी येतो?"

हकीमसुद्धा नाडी धरण्याआधी 'दुखतं कधी' हे विचारतो. आपण मात्र धूर दिसला की इंजिन गेलं, असं धरून चालतो. आधी रंग बघावा. थंडीत सायलेन्सरमधून येणारा आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरून जाणारा पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, तेच थंड नळीत दिसतं. (पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीत पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासावं.) काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. चोक ओढलेला राहिला असेल किंवा एअर फिल्टर धुळीने भरला असेल. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

आमच्या वडीलधाऱ्यांना निळ्या धुराचं काही वाटत नाही, कारण त्यांच्या काळात टू-स्ट्रोक स्कूटरच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं आणि ते जळायचंच. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तेल खाली वेगळं असतं. ते धुरात दिसलं, तर कुठून तरी वाट काढून वर गेलं आहे.

ती वाट कोणती, हे रंगावरून कळत नाही, वेळेवरून कळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, तर गाडीवर जोर पडला की धूर येतो आणि येतच राहतो. वाल्वच्या दांड्यावर रबराचं छोटं सील असतं. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालं, की रात्रभरात थेंब थेंब तेल वाल्वच्या गाइडमधून खाली उतरतं. सकाळी पहिल्या किकला ते जळतं, निळा भपका निघतो आणि थोड्या वेळात सगळं साफ.

मुलगा म्हणाला, "सुबह पहिले किक को, सर. फिर कुछ नै." तरी खात्री हवी होती. म्हणून मी त्याला दौलताबाद-खुलताबादचा घाट सांगितला. अब्बांच्या मागे बस आणि मागे बघत राहा. चढावर सतत निळा धूर आला तर रिंगा. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी गियरमध्ये उतरू द्यायची आणि खाली पुन्हा थ्रॉटल द्यायचा. त्या क्षणी भपका आला तर सील. कारण थ्रॉटल बंद असताना इंजिन आत जोराने ओढतं आणि गाइडमधून तेल खेचतं.

रविवारी ते जाऊन आले. चढ साफ, उतारानंतर भपका. मग मामूंच्या ओळखीच्या एका उस्तादांनी हेड उतरवून सील बदलले, गाइड तपासले. पिस्टनला हात लावावा लागला नाही. सीलची किंमत बोअर-पिस्टनच्या मानाने काहीच नव्हती. कानातले कानातच राहिले.

आधीच्या गॅरेजात धूर दाबण्यासाठी गाडीत जाड तेल ओतलं होतं. 10W-30 सांगितलेल्या इंजिनात 20W-50. हा उपाय सर्रास चालतो. धूर थोडा कमी होतो, पण कडक झालेलं रबर तेलाने नवं होत नाही आणि थंड इंजिनात जाड तेल वर कॅमपर्यंत उशिरा पोचतं. W म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, नंतरचा 100 अंश सेल्सिअसला तेल किती घट्ट राहतं ते. कंपनीच्या पुस्तिकेत जो ग्रेड आहे, तोच घ्यावा. डब्यावर 'जासो'चा शिक्काही बघावा. ज्या मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो तिला एमए किंवा एमए2, गियर नसलेल्या स्कूटरला बहुधा एमबी. मोटारीचं तेल स्वस्त मिळालं म्हणून मोटरसायकलमध्ये ओतलं, तर क्लच घसरू शकतो. सुटं तेल घेऊ नये. आणि रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, नाहीतर तो पुन्हा भरून विकला जाऊ शकतो.

हे सगळं मी पुढे वर्गातच घेतलं. तीन काचेच्या नळ्यांत तीन तेलं आणि सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. कोणत्या तेलात छर्रा उशिरा तळाला जातो, ते मुलांनी घड्याळ लावून मोजलं. मग नळ्या गरम पाण्यात धरून पुन्हा मोजलं. उर्दूत याला लुजूजत म्हणतात, मराठीत श्यानता आणि गॅरेजात 'गाढापन'. पहिल्या दोन शब्दांना मुलं दरवर्षी घाबरतात. त्या दिवशी कुणी घाबरलं नाही.

यातली काही मुलं उद्या पाना हातात घेणारच आहेत. त्यांनी आय.टी.आय. करावं, असं मी सांगत असतोच. पण त्याआधी एवढं शिकावं, की गिऱ्हाईक दारात आल्यावर खर्च सांगण्याआधी 'धूर कधी येतो' हे विचारायचं असतं. समोरचा माणूस अडलेला आहे आणि त्याला इंजिनातलं काही कळत नाही. त्याची गाडी आपल्या हातात अमानत असते.

त्या मुलाच्या अब्बांनी आता दर जुम्म्याला नमाजला निघण्याआधी, गाडी सरळ उभी करून, तेलाची कांडी बघायचं ठरवलं आहे. आकडा वहीत लिहून ठेवायचं काम मुलाकडे आहे.