रात्रपाळी करणारी पानफुटी

शाळेच्या पुस्तकातले पानफुटीचे चित्र आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. जाड, मांसल पान, दातेरी कडा आणि प्रत्येक खाचेत एकेक इवलेसे रोप! परीक्षा आटोपली की ते चित्रही विस्मरणात जाते. पण ही वनस्पती एकदा खिडकीत आणून ठेवा. पुस्तकाने तिची अर्धीच हकीकत सांगितली होती, असे तुम्हांलाही वाटेल.

मूळची ती मादागास्कर बेटावरची. आपल्या देशात ती इतकी रुळली आहे की, बंगालीत पाथरकुची, हिंदीत पत्थरचट्टा अशी घरगुती नावे तिला मिळाली. शास्त्रज्ञ तिला कलांचो पिनाटा म्हणतात. जुने नाव ब्रायोफायलम, म्हणजे ग्रीक भाषेत अंकुरणारे पान. जर्मन कविश्रेष्ठ गटे याला तिचा इतका लळा होता की, तो तिची पाने स्नेह्यांना भेट म्हणून पाठवीत असे. बदलीच्या गावी कुंड्या नेता येत नाहीत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या भेटीचे मोल वेगळे सांगायला नको. पाकिटात एक पान घातले की बाग बरोबर आली!

मला मात्र तिच्या पिलांपेक्षा तिच्या रात्रपाळीचे अधिक कौतुक वाटते. बेंजामिन हाइन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला मद्रासकडचा वनस्पतिशास्त्रज्ञ. हे पान सकाळी चुक्यासारखे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, असे त्याने एका पत्रात नोंदविले. ते पत्र १८१३ साली लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचले गेले. कारण उलगडायला मात्र पुढे शतकाहून अधिक काळ लागला. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. पण त्याच वाटेने त्यांचे पाणीही उडून जाते. पानफुटी भर उन्हात आपली दारे मिटून बसते. रात्रीच्या गारव्यात ती उघडते आणि आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींत साठवून ठेवते. दिवस उजाडल्यावर त्या आम्लातून वायू पुन्हा सुटतो व सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. पहाटेचा आंबटपणा संध्याकाळी ओसरतो तो यामुळे.

जी इतक्या काटकसरीने पाणी राखते, तिला रोज तांब्याभर पाणी पाजणे हा उपकार नव्हे. त्याने मुळे कुजतात. कुंडीला भोक हवे, मातीत भरपूर वाळू हवी, सकाळचे ऊन हवे. माती बोटभर खोल कोरडी लागली तरच पाणी घाला. पावसाळ्यात तिला वळचणीआड ठेवा. उत्तरेकडे दहिवर गोठते तेथे हिवाळ्यात घरात घ्या. नवे रोप हवे असल्यास एक पक्व पान ओलसर वाळूवर आडवे ठेवले की पुरे. जुन्या झाडाला थंडीच्या दिवसांत खाली लोंबणारी, हिरवट-तांबूस घंटांसारखी फुले येतात.

हाइनने चव घेतली म्हणून आपण घेऊ नये. मुतखड्यावर ही पाने चावून खावीत, असा सल्ला अनेक घरांत वडीलधारी मंडळी मायेने देतात. परंतु तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरे दगावली आहेत. घरात असा रुग्ण असेल, विशेषतः तो हृदयविकाराची औषधे घेत असेल, तर वडिलांचा मान राखून आधी डॉक्टरांना विचारावे. कुंडी लहान मुलांच्या आणि शेळ्या-गुरांच्या तोंडापासून दूर असावी.

आणखी एक. छाटलेली पाने ओढ्याकाठी किंवा रानात टाकू नका. हवाई आणि गालापागोस बेटांवर हिने तेथल्या मूळच्या झाडांची जागा बळकावली आहे. शेजारीपाजारी वाटून उरलेली पाने उन्हात कडकडीत वाळवा आणि मगच फेका.