यादी संपल्यावर

वसईच्या आमच्या घरी, दिवेलागणीला वेदीपुढं मेणबत्ती लावून आजी संतांची लितानी म्हणायची. आवाजात फारसा चढउतार नसायचा. पेत्र, पौल, अंद्रेय, योहान, रहाटाच्या गाडग्यांसारखी एकामागून एक नावं भरून वर यायची, आणि प्रत्येक नावामागं आम्ही पोरं पेंगुळल्या सुरात तीच विनवणी करायचो, आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक म्हणून. मेणाचा वास, गुडघ्याखालची गार फरशी, आणि तो सूर. शेवटी मात्र एक हाक यायची ती कुणा एकाला नसायची. देवाच्या सगळ्या पवित्र स्त्री-पुरुषांना मिळून ती असायची. तिथं आजी थबकायची. श्वासापुरतीच.

1 नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण मला त्या शेवटच्या हाकेचा वाटतो.

फार पूर्वी ख्रिस्तावरच्या श्रद्धेपायी प्राण देणाऱ्या रक्तसाक्ष्याचा मृत्युदिन हाच त्याचा स्वर्गातला जन्मदिवस म्हणून पाळत. पण सम्राट डायोक्लेशनच्या छळात माणसं इतकी गेली, की प्रत्येकाला वेगळा दिवस द्यायचा तरी कुठून? कितीकांची तर नावंही मागं राहिली नाहीत. चौथ्या शतकातच पूर्वेकडचे भाविक सगळ्या रक्तसाक्ष्यांची मिळून आठवण करू लागले. पुढं रोममध्ये 13 मे 609 रोजी पोप बोनिफेस चौथे यांनी पँथिऑन पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्ष्यांना वाहिलं. एकेकाळी रोमच्या देवदेवतांचं असलेलं ते मंदिर. घुमटाच्या माथ्याला मोठा गोल झरोका, त्यातून ऊन उतरतं आणि पाऊसही. नोव्हेंबरची तारीख आली ती त्यानंतर, आणि 835 च्या सुमारास फ्रँकांच्या साम्राज्यात ती सगळीकडं रुजली. आदल्या रात्रीचा हॅलोविन याच सणाची पूर्वसंध्या. आजीला मात्र भोपळ्याची भाजी तेवढी ठाऊक होती.

आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर गेला. त्याला संत म्हणून जाहीर केलं 1862 मध्ये. म्हणजे मधली 265 वर्षं यादीत त्याचं नाव नव्हतं, पण संतपण कुठं अडलं होतं? कागद उशिरा आला, इतकंच. आणि ज्यांचा कागद कधीच यायचा नाही, त्यांचं काय?

आजीची थोरली जाऊ अशांपैकी असावी. पहाटेच्या गाडीनं ती सोनचाफा घेऊन दादरला जायची. रात्री कंदिलापाशी बसून हिरव्या पानात फुलं बांधायची, ती फक्त देठाला धरून. पाकळीला बोट लागलं की डाग पडतो, आणि डागाळलेलं फूल तिनं गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही. विकून आलेल्या पैशांत कुणा ना कुणाच्या पोराची फी भरली जायची. विचारलं तर चिडायची. अगदी वसकन अंगावर यायची, संतांच्या चित्रांत बघतो तशी शांत मुद्रा तिची कधीच नव्हती.

2 तारखेला मृतांचा दिवस. कबरी धुऊन-पुसून झेंडू वाहायचे, ज्यांच्या आत्म्याला शांती मागायची त्यांची नावं घरोघर लिहून काढायची. आजी सांगायची, मी लिहायचो: आजोबा, पणजी, तापानं गेलेला धाकटा काका. जावेचं नाव मात्र ती दर वर्षी वगळायची. आई एकदा न राहवून म्हणाली, "अहो, मोठ्या काकींचं राहिलं की!"

आजीनं चष्म्यावरून पाहिलं. "तिच्यासाठी कसली शांती मागतेस? तिचा सण काल झाला."