आक्षीचा एक दिवस

सहलीचे नाव काढले की घरात सगळ्यांत आधी कोण दमते, सांगा पाहू? मुलांना समुद्र दिसतो, यांना मोकळा शनिवार दिसतो, आणि आपल्याला दिसतात चाळीस पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दशम्या, लिंबाचे लोणचे आणि 'वेळेला असू दे' म्हणून घेतलेला चिवडा. आदल्या रात्री अकरापर्यंत लाटायचे, पहाटे चारला उठून भरायचे, वाळूवर पोचलो की वर्तमानपत्रे अंथरून वाढायचे, आणि रात्री घरी येऊन तेलकट डबे घासायचे. याला काही सहल म्हणत नाहीत, मैत्रिणींनो. ही स्वयंपाकघराची एका दिवसापुरती बदली!

यंदा मी घरात स्पष्टच सांगितले. एक पाण्याची बाटली माणशी, मुलांसाठी चार केळी आणि आईंच्या (म्हणजे माझ्या सासूबाईंच्या) गोळ्यांची डबी. याहून जास्त काही बरोबर येणार नाही. गाव असे हवे की सकाळी निघून रात्री घरी झोपायला येता येईल, गर्दी नसेल, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला फार चढउतार करावी लागणार नाही. असे गाव अलिबागच्या पलीकडे पाचसहा किलोमीटरवर आहे. आक्षी त्याचे नाव. नागावला जाणारी मंडळी आक्षीवरून भरधाव जातात, थांबत नाहीत. त्यामुळेच तर ते अजून निवांत राहिले आहे!

मुंबईहून रस्त्याने गेलात तर शंभरेक किलोमीटर आणि वर वडखळच्या बाजूची रहदारी. त्यापेक्षा गेटवेवरून मांडव्याची लाँच धरावी. तासाभरात पलीकडे. लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचेही पैसे असतात, हे पुष्कळ जणांना ठाऊक नसते. तिकीट जपून ठेवा. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो बोटही सुरू झाली आहे. ती मोटारी घेऊन जाते आणि पोटात पाणी हलू देत नाही, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी ती बरी. थंडीत लाँचच्या मागे कुरव पक्ष्यांचा थवाच्या थवा येतो. लोक त्यांना वेफर्स आणि गाठ्या टाकतात. आमच्या चिरंजीवांनीही हात पुढे केला होता, पण आजीने तो मागे ओढला. "त्यांचं जेवण समुद्रात आहे. मीठमसाल्याचं खाऊन तुझंच पोट बिघडतं, त्यांचं नाही का बिघडणार?" मला वेगळे काही सांगावे लागले नाही.

निघण्याचा दिवस मात्र कॅलेंडर पाहून ठरवा. मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी! आपल्या किनाऱ्यावर कोळी मंडळी वापरतात तो हिशेब फार सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढे पुरे. भरतीनंतर सवासहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मुले बरोबर असतील तर द्वादशी-त्रयोदशीसारखा दिवस धरावा, म्हणजे दुपारी तीनचारच्या सुमारास पाणी लांब गेलेले असते आणि खेळायला ऐसपैस वाळू मिळते. आम्ही गेलो तो माघ शुद्ध त्रयोदशीचा शनिवार होता. पाणी उतरते असताना पोहायला मात्र कोणालाही सोडू नका. उतरते पाणी माणसाला आत खेचते. घोट्यापर्यंत भिजले तरी समुद्र भेटतोच.

अलिबागला आम्ही थांबलो नाही. कुलाबा किल्ला तुम्ही पाहिला नसेल तर तो एका स्वतंत्र दिवसाचा मानकरी आहे. बसमधून जाताना फक्त वेधशाळेची पाटी मुलांना दाखवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेणारी ही वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने सुया बिथरणार म्हणून १९०४ साली ती इथे आणली गेली. मुंबईच्या धांदलीला कंटाळून अलिबाग गाठणारे आपण काही पहिले नव्हेत!

अलिबागच्या एस. टी. स्थानकावरून रेवदंड्याकडे जाणारी कोणतीही गाडी आक्षीला सोडते. सहा आसनी मिनिडोरही मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की हवाच बदलते बघा. दोन्ही हातांना माड आणि पोफळीच्या वाड्या, मधून एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढ्या वाटा, आणि कुठल्या तरी पंपाचा टकटक आवाज. वाडीत शिरल्या शिरल्या आईंनी चपला काढून हातात घेतल्या. पाटाच्या ओल्या मातीत पाय टाकायला त्यांना पन्नास वर्षांनी मिळत होते.

आमचे जेवण ज्या घरी होते तिथल्या काकूंनी वाडी दाखवली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या पट्ट्यात किती झाडे गेली ते आपण वर्तमानपत्रात वाचले होते, पण वाडीत उभे राहून वर पाहिले की कळते. जुन्या उंच पोफळी एका बाजूला, आणि मधल्या उघड्या तुकड्यात कमरेइतकी नाही तर डोक्याइतकी नवी रोपे. "सुपारी धरायला सहासात वर्षं लागतात," काकू म्हणाल्या. "तोवर खानावळ." एवढे बोलून त्या भाकऱ्या थापायला आत गेल्या. तेव्हा अशा घरी जेवायला जाल तेव्हा भावात घासाघीस करू नका, ही माझी विनंती समजा. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती, शाकाहारी किती, एवढे नीट सांगावे. आयत्या वेळी चारची सहा माणसे नेऊ नयेत. आपल्याकडे कोणी असे आले तर आपण मागे काय बोलतो ते आठवावे!

पानात तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सोलकढी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. यांना आणि मुलांना तळलेले बांगडे. (आमच्या घरात मासळी शिजत नाही. घराबाहेर मात्र हे कोणत्याही कोकणी माणसाला हार जाणार नाहीत.) बिरडे गोडसर होते आणि वाल अख्खाच्या अख्खा. मी विचारलेच. मोड आलेले वाल सोलून झाले की ते फोडणीत मंद आचेवर झाकून वाफवायचे, झाकणावर पाणी ठेवायचे, आणि डावाने ढवळायचे नाही, पातेले नुसते हलवायचे. गूळ आणि आमसूल वाल शिजल्यावरच घालायचे. आधी आंबट घातले तर दाणा निबर राहतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सांगू का? मी बसून जेवले. गरम भाकरी दुसऱ्या कोणीतरी माझ्या पानात वाढली. दुसरी हवी का, असे विचारले!

दुपारी समुद्र. वाड्या संपल्या की सुरूचे बन लागते आणि बनाच्या पलीकडे एकदम किनारा. सुरूच्या सावलीला पालापाचोळ्याची गादीच असते. ओहोटी लागली होती. वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती, एकेका बिळाभोवती एकेक फूल. आमच्या कन्येने पाऊण तास त्यात घालवला. ना घोडागाडी मागितली, ना मक्याचे कणीस. हे झोपले. मी नुसती बसले. हातात विणकाम नाही, तपासायच्या वह्या नाहीत. पहिली दहा मिनिटे मला ते जमेना, खरे सांगते. हात काहीतरी शोधत राहिले. मग जमले.

उन्हे कलल्यावर आम्ही गावातला शिलालेख पाहायला गेलो. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, तेव्हा हे माझे तीर्थक्षेत्रच. आपण शाळेत शिकलो ते श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले मराठी वाक्य. पण शं. गो. तुळपुळे यांनी आक्षीच्या लेखावरचा शक वाचला तो ९३४, म्हणजे इ. स. १०१२. ज्ञानेश्वरीच्या पावणेतीनशे वर्षे आधी! वर्षानुवर्षे ही शिळा रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभी होती. आता तिला थोडी मानाची जागा मिळाली आहे. वर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालावे. अक्षरे झिजली आहेत. बोट फिरवले तर डोळ्यांपेक्षा लवकर सापडतात, पण बोट फिरवू नये. तेवढ्यानेही झीज होते.

लेखात लिहिले आहे ते काय? मला वाटते, बायकांच्या पानावर सांगण्याजोगेच ते आहे. आरंभी जगाला सुख चिंतले आहे. मग पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती म्हणून केसिदेवराय या राजाचे नाव येते, त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई याचे येते, आणि मग कामाची गोष्ट. महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य द्यावे. लढाई नाही, विजय नाही. आपल्या भाषेच्या इतक्या जुन्या लेखात आहे ते देवीचे बोडण आणि त्याला लागणारा शिधा!

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरात लग्न झाले, मूल झाले की कोकणस्थांच्या घरी बोडण भरतात. चार सवाष्णी आणि एक कुमारिका कथवटीभोवती बसतात आणि दूध, दही, तूप, मध, साखर, पुरणावरणाचा नैवेद्य असे सगळे हाताने एकत्र कालवतात. हजार वर्षांत रीत किती बदलली असेल, पण शब्द तोच राहिला आहे.

मी हे सांगत होते तेव्हा आई जवळ आल्या. "बोडण? आपलंच बोडण?"

आमच्या आई म्हणजे बोडणातले शेवटचे न्यायालय. आमच्या वाडीत चाळीस वर्षे त्यांच्यावाचून कोणाचे बोडण भरले नाही. मध किती, दही कितपत घट्ट, कथवट कुठे ठेवायची, सारे त्यांना विचारून. तीन वर्षांपूर्वी मामंजी गेले. तेव्हापासून विचारायला फोन येतो, बोलावणे येत नाही. आई फोनवर सगळे सांगतात, अगदी हौसेने सांगतात, आणि फोन ठेवून आपल्या खोलीत जातात.

शिळेसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कोणी कालवायचं ते लिहिलंय का गं यात?"

मी म्हटले, "नाही, आई. धान्य द्यायचं आणि किती द्यायचं, एवढंच."

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या, आणि पदर सारखा करून त्यांनी शिळेला हात जोडले.

येत्या वैशाखात दिरांच्या मुलाचे लग्न आहे. बोडण आमच्याच घरी व्हायचे आहे, कारण कथवट आमच्याकडे असते. कालवायला आई बसतील, असे मी घरात सांगून टाकले आहे. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं." जाऊबाई अजून काही बोललेल्या नाहीत. त्यांच्याकडे आम्ही येत्या रविवारी जाणार आहोत.

परतताना अलिबागच्या रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील, त्या घेतल्याशिवाय येऊ नका. भाताचे पीक निघाल्यावर त्याच जमिनीत हा कांदा होतो. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्याच्या नावाने कुठलाही पांढरा कांदा विकणारेही निघाले आहेत. खरा अलिबागी कांदा फार मोठा नसतो, चवीला गोडसर असतो, आणि चिरताना रडवत नाही. पातीसकट वेणी घालून माळ करतात, आणि हे काम गावातल्या बायका करतात. नवा कांदा अगदी ओला असेल तर माळ आठवडाभर सावलीत वाऱ्यावर राहू द्यावी, मग स्वयंपाकघरात खुंटीला टांगावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बटाट्यांच्या टोपलीत मुळीच ठेवू नये, कोंब येतात. खालून एकेक कांदा तोडत गेले की माळ महिनोन्महिने पुरते.

शेवटच्या लाँचची वेळ सकाळी उतरतानाच मांडव्याला विचारून ठेवा. ती हंगामाप्रमाणे बदलते. आणि जायचे असेल तर मे अखेरपर्यंत जाऊन या. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात.