हरभऱ्याची मर

या हरभऱ्याच्या मरबाई. शास्त्राच्या पुस्तकात या बुरशीचं नाव फ्युजॅरियम, पण शेतात ते कुणी घेत नाही. ‘मर लागली’ म्हटलं की पुरतं.

मरबाई पानांवर डाग पाडून आधी वर्दी देत नाहीत. पेरून महिनाही होत नाही, तोच सकाळी एखादं रोप मान टाकतं. पानं हिरवीच, उपटून पाहिलं तर मूळही धड. माणूस म्हणतो, पाणी कमी पडलं असेल. मग खोड उभं चिरावं, तेव्हा आतली काळपट रेघ दिसते. पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बाईंनी बुजवलेल्या असतात.

आवडनिवड कडक. तुरीची मर वेगळी, केळीची वेगळी; त्या सगळ्या भावकीतल्या. या बाई मारतात तो हरभराच. तूर, मसूर, वाटाणा यांच्या मुळांतही राहतात, पण तिथे पाहुणीसारख्या. यजमानाला पत्ताही लागू देत नाहीत. म्हणून फेरपालटात तूर घेतली, तरी त्यांची सोय होतेच.

आणि चिकाटी! ती मात्र पाहण्यासारखी. हरभरा दिसेनासा झाला की जाड कवचाचे बीजाणू करून मातीत बसून राहतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी हरभऱ्याविना त्या किती टिकतात ते पाहिलं: सहा वर्षं! आपला शेतकरी दोन रब्बी ज्वारी घेतो, तिसऱ्या वर्षी मोठ्या आशेने हरभरा पेरतो. कोवळ्या मुळांतून रस पाझरायला लागला, की बाई जाग्या. मला त्या शेतकऱ्याचं फार वाईट वाटतं. त्याने नियम पाळलेला असतो, फक्त बाईंचं वय त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

प्रवासाचीही हौस आहे. मर लागलेल्या रानातलं बियाणं घरी राखलं, तर दाण्याच्या पोटातून नव्या रानात उतरतात.

भितात कशाला? उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, तर त्या उकाड्याने हैराण होतात. बियाण्याला चोळलेला ट्रायकोडर्मा म्हणजे त्यांच्याच जातीची बुरशी, पण हाडवैरी. आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे विजय, दिग्विजय हे वाण त्यांना सहजी दाद देत नाहीत.

रानात ज्या ठिगळांत रोपं माना टाकतात, ती ठिगळं तेवढी ध्यानात ठेवा. बाईंचा मुक्काम तिथेच आहे, वर ज्वारी डोलत असली तरी.