गप्पांचं बिऱ्हाड

बिऱ्हाड थाटायचं म्हटलं की चार माणसं चार प्रश्न विचारतात. खोल्या किती? पाणी किती वेळ येतं? शेजार कसा आहे? पण घरात जेवणारी माणसं किती आणि येणारे-जाणारे किती, हा प्रश्न बहुधा घरची बाईच विचारते. कारण ओट्याशी उभं राहायचं असतं ते तिला. गेलं वर्षभर मी एक निराळंच बिऱ्हाड थाटण्याच्या खटपटीत होतो, आणि सगळ्या प्रश्नांत हा शेवटचा प्रश्नच शहाणपणाचा, अशी माझी आता खात्री झाली आहे. हे बिऱ्हाड होतं आमच्या कुटुंबाच्या गप्पांचं.

गप्पांना बिऱ्हाड कशाला, असं आपण म्हणाल. हल्ली आपल्या सगळ्यांच्याच गप्पा परक्याच्या जागेत, भाडं न देता राहतात. मोबाइलवर गट असतो, त्यात सकाळची फुलं असतात, लग्नाच्या पत्रिका असतात, रुसवेफुगवेही असतात. सोय उत्तम आहे. मीही ती वापरतो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या वहिनींचा फोन एके दिवशी उघडेनासा झाला. दादांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. दादांना टाइप करायचा भारी कंटाळा, म्हणून ते सगळे निरोप बोलून पाठवत. ‘‘मंडईत आहे, तोंडली कोवळी आहेत, घेऊ का?’’ असले निरोप! ते सगळे त्या एका फोनात होते. दुसरीकडे कुठंही नव्हते. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. वहिनी काही बोलल्या नाहीत. नवा फोन घ्यायला मात्र त्यांनी पुढं दोन महिने नकार दिला.

त्यानंतर हॅम्बुर्गहून आमची मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही आपलाच सर्व्हर का ठेवत नाही? आम्ही इथं ठेवलाय. तुमचा तिथं, आमचा इथं. दोघं एकमेकांशी बोलतील.’’

यातली गंमत त्या शेवटच्या वाक्यात आहे. ई-मेलचं कसं असतं? तुमचं खातं एका ठिकाणी, माझं दुसऱ्या ठिकाणी. तरी पत्र पोचतं. एका गावच्या पोस्टानं थैली दुसऱ्या गावच्या पोस्टाकडे द्यावी तसं. गप्पांसाठीही अशी सोय निघाली त्याला आता बरीच वर्षं झाली. जेरेमी मिलर या अमेरिकन गृहस्थानं १९९९ साली ‘जॅबर’ जाहीर केलं; त्याचंच पुढं ‘एक्सएमपीपी’ झालं. २०१४ साली ‘मॅट्रिक्स’ नावाची दुसरी पद्धत आली. फ्रान्स सरकारनं आपल्या नोकरवर्गासाठी २०१९ साली ‘चॅप’ नावाची जी व्यवस्था सुरू केली, ती या मॅट्रिक्सवरच उभी आहे. ज्यानं त्यानं आपलं घर सांभाळावं आणि हळदीकुंकवाला एकमेकांकडे जावं, असा हा मामला. मुलीकडे मॅट्रिक्स होतं, तेव्हा आम्हीही तेच घेतलं.

आता यंत्र केवढं घ्यायचं? हा प्रश्न मी तोंडातून काढला मात्र, सल्ल्यांचा पाऊस पडला. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, सोळा जीबी रॅम तरी हवीच.’’ शेजारचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, जुना डेस्कटॉप पडलाय, घेऊन जा. आमच्या हिनं मात्र पोळ्या लाटता लाटता विचारलं, ‘‘अहो, पण येणार किती जण?’’

सगळं त्या प्रश्नावर ठरतं. आमच्या घरची माणसं नऊ. नऊ माणसं दिवसभर बोलत राहिली तरी यंत्राला त्याचं ओझं वाटत नाही. ओझं होतं ते बाहेरच्या मोठ्या खोल्यांचं. मॅट्रिक्समध्ये एखाद्या खोलीत ज्या ज्या सर्व्हरची माणसं असतील, त्या प्रत्येक सर्व्हरला त्या खोलीचं दप्तर आपल्याकडे ठेवावं लागतं. कोण कधी आलं, कोण गेलं, कुणाला काय अधिकार होता, आणि दोन दप्तरांत मेळ नसेल तर खरं कोणतं, हे प्रत्येकानं स्वतंत्रपणे तपासायचं. घरगुती खोलीत हे चुटकीसरशी होतं. पण हजारो सर्व्हरांच्या सार्वजनिक खोलीत आपल्या घरचा एकच माणूस जाऊन बसला, तरी अख्ख्या सार्वजनिक गणपतीचं वर्गणीचं बाड आपल्या माजघरात येऊन पडतं! म्हणूनच ‘सिनॅप्स’ या मॅट्रिक्सच्या प्रमुख सर्व्हरची माहितीपुस्तिका बजावते, की मोठ्या सार्वजनिक खोल्यांत जायचं असेल तर निदान एक जीबी मेमरी मोकळी ठेवा. आणि ज्याला एवढंही नको त्यानं एक्सएमपीपीचा ‘प्रॉसडी’ बसवावा. छोट्या कुटुंबाचं त्यात शंभर मेगाबाइटमध्ये सहसा भागतं.

तेव्हा आम्ही चार जीबी मेमरीचं एक रास्पबेरी पाय घेतलं. पत्त्यांच्या जोडाएवढं यंत्र. देवघराशेजारच्या फळीवर, राउटरच्या बाजूला मावलं. शेजाऱ्यांचा डेस्कटॉप आभार मानून नाकारला, त्याला कारण विजेचं बिल. साठ वॅटचं यंत्र अहोरात्र चाललं तर महिन्याला त्रेचाळीस युनिट जळतात. पाच वॅटचं चाललं तर साडेतीनच्या थोडं वर. सर्व्हर हा नंदादीपासारखा असतो. तो किती मोठा यापेक्षा रोज किती तेल पितो हे पाहावं.

साठवणीचं गणित हिनंच मांडलं. अक्षरांना जागा लागतच नाही म्हणा ना! दिवसाला दहा फोटो, प्रत्येकी तीन मेगाबाइटचा, तर वर्षाला अकरा जीबी. बोललेले निरोप दिवसाला वीस मिनिटांचे धरले तरी वर्षाला दोन जीबीच्या आत. अडीचशे जीबीची डिस्क दहा वर्षं सहज पुरावी. व्हिडिओ मात्र खादाड. मिनिटाला शंभर मेगाबाइटसुद्धा खातात. म्हणून लग्नांचे व्हिडिओ इथं टाकायचे नाहीत, असा घरात ठराव झाला आहे. एक पथ्य मात्र जरूर पाळावं. नखाएवढ्या मेमरी कार्डावर सगळा कारभार ठेवू नये. सर्व्हर सारखा काही ना काही लिहीत असतो, आणि त्या कार्डावर लिहिण्या-पुसण्याला मर्यादा असते. एसएसडी डिस्क घ्यावी; आणि नोंदींसाठी ‘पोस्टग्रेस’ हा डेटाबेस, कारण सिनॅप्सबरोबर येणारा छोटा डेटाबेस चाचणीपुरताच आहे.

आपल्याकडे आणखी दोन अडचणी येतात. एक पत्त्याची. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. चाळीला एकच घरनंबर आणि दारावर पाट्या नाहीत, अशी स्थिती. आपण पाठवलेल्या पत्राचं उत्तर येतं, पण आपणहून कुणी आलं तर त्याला आपलं दार सापडत नाही. मग जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो. आम्ही तेच केलं. दुसरी अडचण विजेची. यंत्राला बॅटरी जोडली आणि राउटरला जोडली नाही, तर दिवा घरात आणि दार बंद! दोघांनाही हवी.

हे सगळं झालं, आणि एका रविवारी हॅम्बुर्गच्या घरून आमच्या घरी निरोप आला. नातू दीड वर्षाचा. त्यात तो ‘‘आजी’’ म्हणाला. म्हणजे ‘‘आदी’’ म्हणाला. निरोपाची मूळ फाइल मुलीच्या सर्व्हरवर, तिची एक प्रत आमच्या डिस्कवर. ही पुन्हापुन्हा ऐकत होती, आणि वहिनी शेजारी बसून ऐकत होत्या. थोड्या वेळानं वहिनींनी विचारलं, ‘‘भाऊजी, हे पेटीतलं यंत्र बिघडलं तर?’’

त्या प्रश्नापुढं मेमरी आणि वॅट यांचा सगळा हिशेब गौण आहे. यंत्र आपलं झालं म्हणून ते अमर होत नाही. कंपनीचं यंत्र बिघडतं तसं आपलंही बिघडतं, आणि तिथं सांभाळायला पगारी माणसं असतात, इथं मी एकटा. म्हणून माझ्या यादीत पहिल्या यंत्राच्या बरोबरीनं दुसरी डिस्क आहे. तिच्यावर दर रविवारी सगळ्याची नक्कल होते आणि मग ती वहिनींच्या घरी, त्यांच्या कपाटात जाते. कारण आग लागली तर एका फळीवरच्या दोन डिस्का बरोबरच जळतील. या खोल्या कुलूपबंद असतात, म्हणून ज्याची त्याची किल्लीची अक्षरं कागदावर उतरवून दागिन्यांबरोबर ठेवली आहेत. किल्ली हरवली तर डिस्क शाबूत असूनही आतलं कुणालाच वाचता यायचं नाही, आम्हालाही नाही.

आणि यादीतली शेवटची गरज बाजारात मिळत नाही. ती म्हणजे दुसरा माणूस. माझं वय एकाहत्तर. नक्कल कशी घ्यायची, डोमेनचं वार्षिक भाडं कधी भरायचं, यंत्र बंद पडलं तर प्रथम काय पाहायचं, हे मी शंभर पानी वहीत मराठीत लिहून काढलं. वाटलं होतं, पुतण्या ती घेईल. ती मागितली वहिनींनी. गेल्या महिन्यापासून रविवारची नक्कल त्याच घेतात, आणि झाली की घरच्या खोलीत बोलून निरोप टाकतात, ‘‘डिस्क घरी नेली बरं का.’’

त्यांचा तो निरोप आम्ही जपून ठेवतो.