सासूला ‘आत्या’ का म्हणतात?

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने मानवशास्त्राकडे का वळावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मला त्याचे उत्तर एका घरगुती शब्दात सापडले. कर्जत तालुक्यातील आमच्या मिरजगाव परिसरात अनेक घरांतून सून सासूला ‘आत्या’ आणि सासऱ्याला ‘मामा’ म्हणते. हे संबोधन मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यामागे एक संपूर्ण समाजव्यवस्था उभी आहे, हे उमगले ते इरावती कर्वे यांचे लेखन वाचताना.

कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण येथील नातेव्यवस्थांच्या संधिप्रदेशात येतो. उत्तरेत आते-मामे भावंडांचा विवाह सामान्यतः निषिद्ध, तर दक्षिणेत तो मान्य. आपल्याकडेही भावाची मुलगी सून म्हणून आणण्याची रीत अनेक समाजांत आहे. अशा विवाहात सासू ही सुनेची सख्खी आत्याच असते आणि आत्याचे यजमान म्हणजे मामा. पुढे रक्ताचे नाते नसले तरी संबोधन टिकून राहिले. भाषा अशी जुनी रीत सांभाळून ठेवते, आणि ती वाचण्याची दृष्टी मानवशास्त्र देते.

पूर्वी या विषयाची पुस्तके पाहायची तर मिरजगावच्या विद्यार्थ्याला एस. टी. ने नगर किंवा पुणे गाठावे लागे. आज त्यांतील पुष्कळसे साहित्य तुमच्या हातातील मोबाईलवर विनामूल्य मिळते. प्रश्न आहे तो कोठून आरंभ करावा आणि कसे वाचावे याचा.

आरंभ मराठी विश्वकोशापासून करावा. मानवशास्त्र, कुटुंब, विवाहसंस्था, जाती या नोंदी वाचल्यास परिभाषा मराठीतूनच परिचयाची होते. त्यानंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहातील मानवशास्त्राचे घटक पाहावेत. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेले असल्याने ते एकट्याने अभ्यासता येतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे मराठी बोलींचे सर्वेक्षणही आंतरजालावर आहे. एकाच वस्तूला किंवा नात्याला कोणत्या भागात कोणता शब्द वापरतात, हे तेथे पाहता येते. तुमच्या घरातील शब्द तेथील नोंदींशी ताडून पाहा.

‘इंटरनेट अर्काइव्ह’वर जुने ग्रंथही मिळतात. आपल्या जिल्ह्याचे १८८४ चे इंग्रजी गॅझेटियर आणि एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवर सिद्ध केलेले तीन खंड (१९२०–२२) माहितीने समृद्ध आहेत. परंतु ते सावधपणे वाचावे लागतात. ही पुस्तके घडली तो काळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा होता. पारध्यांसारख्या समाजांवर त्या काळी जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. मात्र संशय अद्याप गेलेला नाही. तुमच्यापैकी एखाद्याला अशा जुन्या पानावर आपल्याच आजोबा-पणजोबांविषयी अपमानकारक मजकूर आढळेल. तो वाचून मान खाली घालू नका. हे कोणी लिहिले, कोणत्या सत्तेच्या सोयीसाठी लिहिले, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना कोणी विचारले होते काय, हे तीन प्रश्न त्या पानाला विचारा. छापलेले सारेच प्रमाण नसते, हे कळणे हा या अभ्यासातील मोठा लाभ आहे.

याच्या अगदी उलट अनुभव जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह देतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर २०१७ पासून त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. अनेक ओव्या गायिकेच्या आवाजात ऐकता येतात. सोबत तिचे नाव असते, गाव असते. जिच्याविषयी लिहायचे ती स्वतःच येथे बोलते. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी याहून जिवंत सामग्री क्वचितच मिळेल.

तथापि केवळ पडद्यावर वाचून हे शास्त्र हाती येत नाही. एखादे संबोधन, एखादा विधी किंवा आठवडे बाजारातील एखादा व्यवहार निवडा. घरातील अथवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीला त्याविषयी विचारा. नोंदवहीत दिनांक, गाव आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा. नाव लिहिण्यापूर्वी तिची संमती घ्या. लिहून झाले की तिला वाचून दाखवा. ती जेथे ‘असं नव्हे’ म्हणेल, तेथे तिचे म्हणणे नोंदवून पुढचा प्रश्न विचारा.